फक्त रहस्यकथा आणि हलक्याफुलक्या कादंबऱ्याच वाचते, त्याचं अपराधी वाटतं. काय करू?

तुम्ही लिहिलंय की दिवसभर बँकेतलं काम, संध्याकाळी मुलांचा अभ्यास आणि रात्री जो काही वेळ मिळतो त्यात तुम्ही रहस्यकथा नाहीतर गोड शेवटाच्या कादंबऱ्या वाचता. मैत्रिणी ज्या पुस्तकांबद्दल बोलतात ती आणून उशाशी ठेवलीत, पण पुढे सरकली नाहीत. आता आवडीचं पुस्तक हातात असतानाही आपण वेळ फुकट घालवतोय असं वाटतं.

माझं उत्तर आधीच सांगते. वाचत राहा, आणि मनातली ती बोचणी काढून टाका. मी तालुक्याच्या गावात एका सार्वजनिक वाचनालयाच्या देवघेव काउंटरवर बसते. तुमच्यासारखी माणसं तिथे नेहमी भेटतात. पुस्तक नोंदवायला पुढे करतात आणि मी काही विचारायच्या आतच म्हणतात, "या वेळी जरा हलकंच नेतेय हं." सबब सांगितल्यासारखा सूर असतो. हीच बाई रोज संध्याकाळी दोन-दोन मालिका बघत असेल, पण त्याबद्दल तिला कुणाला काही सांगावंसं वाटत नाही.

मला वाटतं याचं कारण आपल्या घरातल्या वळणात आहे. आपल्याकडे पुस्तक म्हणजे विद्या. पाय लागला तर उचलून कपाळाला लावायचं, दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढून पूजा करायची. शाळेत असताना गोष्टीचं पुस्तक हातात दिसलं की "अभ्यास झाला का?" हा प्रश्न ठरलेला. टीव्हीला आपण कधी देव्हाऱ्यात बसवलंच नाही, म्हणून त्याच्याकडून फक्त करमणूक घेताना काही वाटत नाही. पुस्तकाकडून तेवढंच घेतलं की मात्र काहीतरी अपमान केल्यासारखं वाटतं. या आदराबद्दल माझी तक्रार नाही, मीही तशीच वाढलेय. पण त्या आदरापोटी वाचणाऱ्याचा आनंद मारला जात असेल तर ते मला पटत नाही.

दुसरं कारण मराठी साहित्यातल्या जुन्या वादात आहे. 'कलेसाठी कला' म्हणणारे ना. सी. फडके आणि 'जीवनासाठी कला' म्हणणारे वि. स. खांडेकर यांचा तो वाद. शाळा-कॉलेजात मराठी शिकलेल्या प्रत्येकाच्या कानावरून तो गेलेला असतो, आणि त्यातून आपण बहुतेक एवढंच उचललं की पुस्तकाने काहीतरी शिकवलं पाहिजे. खरं तर मराठी कादंबरी सुरुवातीपासूनच दोन्ही अंगांनी वाढली. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ साली आली, विधवांचे हाल सांगणारी. लगेच १८६१ मध्ये लक्ष्मणशास्त्री हळब्यांची 'मुक्तामाला' आली, अद्भुत प्रसंगांनी भरलेली, वाचकाला रमवणारी. म्हणजे रमवणं हे नंतर कुणी शिरवलेलं खूळ नाही. तरी त्याच्यावरचा संशय काही गेला नाही. लोकप्रिय कादंबऱ्या लिहिणाऱ्या चंद्रकांत काकोडकरांच्या 'रंभा' मासिकातल्या एका कथेवर अश्लीलतेचा खटला झाला आणि तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६९ साली न्यायालयाने ती कथा अश्लील नसल्याचा निकाल दिला.

आणि बाबूराव अर्नाळकर! १९३६ ते १९८४ या काळात त्यांच्या १०९२ रहस्यकथा प्रसिद्ध झाल्याची नोंद गिनीज बुकात आहे. झुंजार आणि काळा पहाड या त्यांच्या नायकांसाठी लोक वाचनालयात नंबर लावायचे. आमच्याकडे त्यांची जी थोडी पुस्तकं उरलीत, त्यांची बांधणी पुन्हा पुन्हा करावी लागलीय. शेवटी चिकटवलेल्या तारीखपट्टीवर एकावर एक शिक्के, पट्टी भरली म्हणून तिच्यावर दुसरी पट्टी. कोपरे इतके मऊ झालेत की पान उलटताना आवाजसुद्धा येत नाही. एकात तर कुणीतरी पहिल्याच पानावर पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहून ठेवलं होतं, आणि त्याखाली दुसऱ्या कुणीतरी त्याला चांगलंच फैलावर घेतलं होतं. ते मी अजून खोडलेलं नाही.

आता मुख्य गोष्ट. हलकं वाचणारा माणूस डोकं बाजूला ठेवून वाचतो, असा एक समज आहे. मला तो रोज खोटा ठरताना दिसतो. आमच्याकडे एक शिवणकाम करणाऱ्या ताई येतात. ब्लाउजांची गर्दी नसली की मशीनवरच पुस्तक उघडतात. परत आलेल्या पुस्तकात खुणेला दोऱ्याचा तुकडा असतो, कधी पानावर खडूची पुसट बोटं. मागे मी त्यांना एक नावाजलेली कादंबरी सुचवली, तर म्हणाल्या, "दुःखाचं नको बाई, ते घरी आहे." त्यांनी एकदा एक रहस्यकथा परत करताना मला जे सांगितलं ते मी विसरणार नाही. "यातला इन्स्पेक्टर मधेच येडा केलाय. पहिल्या निम्म्यात त्याला सगळं दिसतं, आणि नंतर समोरचा रक्ताचा डागसुद्धा दिसत नाही. लेखकाला पानं वाढवायची होती." इतकं नेमकं परीक्षण मी छापलेलंही फारसं वाचलेलं नाही. वाचक म्हणून त्यांचा माझ्या मनातला मान खूप मोठा आहे.

तुमची बाजू घेणारे लोकही एक चूक करतात, तेही सांगते. ते म्हणतात, "वाचू दे हलकं, त्यातूनच पुढे चांगल्याकडे वळेल." ऐकायला बरं वाटतं, पण त्यात तुमच्या आवडीच्या पुस्तकाची पायरी होते आणि तुम्ही कायमच्या अर्ध्या जिन्यावर उभ्या. आमच्या सभासदांच्या कार्डांवर असा जिना दिसत नाही. एक निवृत्त मुख्याध्यापक ज्ञानेश्वरीवरचं विवेचन आणि रहस्यकथा एकाच फेरीत नेतात, आणि दोन्ही तितक्याच उघडपणे हातात धरून घरी जातात. घरात आजारपण असलं की माणसं विनोदी पुस्तकं नेतात, सुट्टी लागली की जाडजूड ऐतिहासिक. ज्या दिवशी जे झेपतं आणि हवं असतं ते. काहीजण गंभीर साहित्याकडे कधीच वळत नाहीत, आणि त्यांचं वाचन तरीही पुरतं वाचन असतं.

मग हलक्या पुस्तकात सगळंच चालतं का? मुळीच नाही. वाचकापासून धागेदोरे लपवायचे आणि शेवटच्या प्रकरणात अचानक जुळा भाऊ आणायचा, ही फसवणूक आहे. नायक थोबाडीत मारतो आणि नायिका त्याला प्रेम समजते, असं दाखवणारी पुस्तकं मी मुलींच्या हातात आनंदाने देत नाही. अशा पुस्तकांवर चिडावं, लोकांना सांगावं. पण ते वाईट लिहिलेलं आहे म्हणून, हलकं आहे म्हणून नव्हे. बोजड पुस्तकांतही फसवणूक असते, फक्त ती बोलून दाखवायला माणसं घाबरतात. उत्कंठा टिकवणं, संवादातून माणूस उभा करणं, वाचणाऱ्याच्या ओठावर हसू आणणं याला लागणारं कौशल्य साधं नाही. ते साधलेल्या लेखकाला आपण मोकळेपणाने दाद द्यायला हवी.

स्वतःला एकच विचारा: हे वाचताना मला मजा येतेय का? नुसतीच सवयीने पानं उलटत असाल तर ठेवून द्या, मग ती रहस्यकथा असो की पुरस्कारप्राप्त कादंबरी. उशाशी ठेवलेली ती पुस्तकं वाचनालयाची असतील तर उद्याच परत करा, त्यांच्यासाठी कुणीतरी नाव लावून बसलेलं असतं. स्वतःची असतील तर कपाटात जाऊ द्या. त्यांना घाई नाही.

आणि दिवाळीच्या सुमारास जवळच्या वाचनालयात चौकशी करा. पुष्कळ ठिकाणी दिवाळी अंकांची योजना असते, ठरावीक वर्गणी भरून पुढचे काही महिने अंक बदलून नेता येतात. १९०९ मध्ये 'मनोरंजन' मासिकाने ही दिवाळी अंकांची प्रथा सुरू केली, आणि आजही एकाच अंकात वैचारिक लेख, भयकथा, व्यंगचित्रं आणि राशिभविष्य शेजारी शेजारी असतं. लवकर नाव नोंदवा, रहस्यकथांचे अंक सगळ्यात आधी संपतात.