प्रार्थना ऐकायला निघालाय? फोन खिशात ठेवा

गोव्यात कोण कुठल्या भाषेत प्रार्थना करतं हे ऐकायचा उत्साह छान आहे, पण पहिली चूक तिथेच होते: रेकॉर्डिंगसाठी फोन पुढे करणं. मीही केली होती. भजनात एका आजोबांनी टाळ वाजवायचा थांबवून माझ्याकडे नुसतं बघितलं.

दुसरी चूक म्हणजे धर्म बघून भाषा गृहीत धरणं. आमच्याकडे देवळात गाऱ्हाणं कोंकणीत घालतात आणि लगेच आरती मराठीत. मे महिन्यात खुरसापुढच्या (क्रॉससमोरच्या) लादाईनीत, म्हणजे ख्रिस्ती सामूहिक प्रार्थनेत, लॅटिन ओळी कानावर पडतात. शेवटी उकडलेले चणे वाटतात, नको म्हणू नका.

सुरुवात ईस्टरनंतरच्या तिसऱ्या सोमवारी करा. म्हापशाला मिलाग्रीस सायबिणीचं, म्हणजे मेरीमातेचं, फेस्त (चर्चचा उत्सव) असतं, हिंदूही तेल घेऊन येतात. नुसते उभे राहा. अर्थ नंतर विचारा, चहा घेताना. उच्चार, पाठभेद (शब्दांतले फरक) यांची चिकित्सा सध्या नको.