फोनिक्समधला फोन आणि खिशातला फोन

प्रश्न : मुलगी पहिलीत आहे, शाळेत फोनिक्स शिकवतात. ती विचारते, फोनिक्स म्हणजे फोनवर शिकायचं का? खरंच दोन्हींचा काही संबंध आहे का? सॅक्सोफोनमधला फोन पण तोच का? आणि मग खोट्या माणसाला फोनी का म्हणतात? – एक वाचक, सातारा

उत्तर : संबंध आहेच, आणि मुलीने तो बरोबर हेरलाय! ग्रीकमध्ये फोने म्हणजे आवाज. फोनिक्समध्ये अक्षराचं नाव नाही तर त्याचा आवाज शिकवतात, म्हणजे कॅट हा शब्द सी-ए-टी असा घोकायचा नाही, क्-अ‍ॅ-ट् असे आवाज जोडत वाचायचा. टेले म्हणजे लांब, म्हणून टेलिफोन. बेलचं पेटंट १८७६चं, पण त्याआधीच १८६१ मध्ये जर्मनीत फिलिप राइसने आपल्या यंत्राला हेच नाव दिलं होतं.

सॅक्सोफोन पण त्यातलाच, फक्त पुढचा सॅक्स ग्रीक नाही, ते आडनाव आहे. बेल्जियमच्या अडॉल्फ सॅक्सने १८४६ मध्ये पॅरिसला ह्या वाद्याचं पेटंट घेतलं. झायलोफोनमधलं झायलो म्हणजे लाकूड, कारण त्याच्या पट्ट्या लाकडाच्या. सिम्फनी म्हणजे एकत्र आवाज, इथे मूळ उपसर्ग सिन आहे पण पुढच्या अक्षरामुळे न चा म झाला, आपण संपूर्ण म्हणताना अनुस्वाराचा म करतो ना तसाच.

मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडतो तो ग्रामोफोन. एडिसनने १८७७ मध्ये फोनोग्राफ केला, त्यात फिरत्या नळकांड्यावर कथलाचा पातळ पत्रा गुंडाळलेला असायचा आणि आवाजाने थरथरणारी सुई त्यावर खुणा उमटवायची, म्हणजे नाव अगदी शब्दशः खरं, आवाज लिहिणारा. मग १८८७ मध्ये एमिल बर्लिनरने सपाट तबकडी आणली आणि फोनोग्रॅम (म्हणजे आवाजाची लिहिलेली नोंद) ह्या शब्दाचे दोन तुकडे उलटे जोडून नाव ठेवलं ग्रामोफोन!

फोनी मात्र ह्या घरातला नाही, स्पेलिंग बघून फसू नका. त्याचं मूळ पक्कं ठरलेलं नाही पण बरेच कोशकार ते फॉनी ह्या जुन्या ठगांच्या शब्दाशी जोडतात, जो आयरिश भाषेतल्या अंगठीच्या शब्दावरून आलाय. सोन्याचा मुलामा दिलेली पितळी अंगठी रस्त्यात मुद्दाम टाकायची, सापडली असं दाखवायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला खऱ्या सोन्याची म्हणून विकायची, असा तो धंदा होता.