फणसाचे गरे संपल्यावर आठळ्यांचं, म्हणजे बियांचं काय करायचं?

मुळीच फेकू नका! आम्ही ठाण्यात जांभळी नाक्यावरून गरे आणतो ते निम्मे आठळ्यांसाठीच. धुवून एक दिवस सुकवा, मग मीठ घालून कुकरला तीन-चार शिट्ट्या. वरचं पांढरं, चिवट साल नखाने सुटतं. आतला तपकिरी पापुद्रा राहू द्या, त्यात तंतू असतात. कच्च्या मात्र खाऊ नका, पोटाला बाधतात. प्रथिनं गऱ्यांपेक्षा जास्त, चव पिठूळ, गोडसर. आई अळूच्या फदफद्यात घालते, शेंगदाण्यांसोबत. त्याला तोड नाही.

गऱ्यांचं म्हणाल तर 100 ग्रॅममध्ये साधारण 95 कॅलरी, त्याही बहुतेक साखरेच्या. मधुमेह असेल तर मोजूनच खा. बरका, म्हणजे मऊ, रसाळ गऱ्यांचा फणस मिळाला तर रस काढून सांदणं (तांदळाच्या रव्याच्या गोड, वाफवलेल्या इडल्या) करा.