जळगावच्या उन्हात परदेशी रंगीत फुलझाडे टिकतील का?

टिकतील, मात्र निवड करताना रोपवाटिकेतील टवटवी न पाहता झाड मूळचे कुठले आहे ते पाहावे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा पूर्व आफ्रिका व अरबस्तानातील अडेनियम आणि दक्षिण अमेरिकेतील बोगनवेल तग धरून राहतात. हेलिकोनिया मात्र केळीची नातलग असूनही सावली आणि ओलावा नसेल तर कडांपासून करपते.

खरा धोका उन्हापेक्षा आपल्या काळ्या जमिनीचा आहे. पावसाळ्यात ती पाणी धरून ठेवते आणि अडेनियमचा फुगीर बुंधा आतून सडतो. बोटाने दाबल्यावर तो मऊ लागला, तर कूज सुरू झाली असे समजावे. म्हणून अडेनियम कुंडीतच, मातीत भरपूर जाडसर वाळू मिसळून लावावे आणि झडीच्या दिवसांत आडोशाला ठेवावे. मुरलेल्या बोगनवेलीचे तर पाण्याचे लाड करूच नयेत, कारण रोज पाणी मिळाले की ती नुसती पाने वाढवते. माती वरून कोरडी पडू दिली की रंग भरतो. तो रंग फुलांचा नसून भोवतीच्या सहपत्रांचा, म्हणजे फुलाभोवतीच्या रंगीत पानांचा असतो. खरी फुले आतली, इवलीशी आणि पांढरट असतात.