मूलपेशींचा स्राव कर्कपेशींना रोखतो का?

प्रश्न : नाळेतल्या मूलपेशी ज्यात वाढवल्या, ते माध्यम (पेशींना पोसणारं द्रावण) आम्ही स्तनाच्या कॅन्सरच्या एमसीएफ-७ पेशींवर घातलं. ४८ तासांत वाढ घटली. काही शोधनिबंध मात्र वाढ होते म्हणतात. आमचं कुठे चुकतंय?
– एमएस्सीची विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : दोन्ही निकाल येऊ शकतात. या स्रावातलं डीकेके-१ हे प्रथिन कर्कपेशींचा वाढीचा डब्ल्यूएनटी संदेश अडवतं, तर त्यातलीच आयएल-६ आणि व्हीईजीएफ ही प्रथिनं ट्यूमरला पोसतात. शिवाय वाढ आणि फैलाव या वेगळ्या गोष्टी आहेत. मूलपेशींच्या संगतीत स्तनाच्या कर्कपेशी सीसीएल५ या संदेशवाहक प्रथिनामुळे जास्त पसरतात, हे २००७ मध्येच उंदरांत दिसलं होतं.

पण आधी सांगा, कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचं माध्यम, कोणतं होतं? नुसतं ताजं माध्यम असेल तर या निकालावर विसंबू नका. मूलपेशींनी त्यातलं ग्लुकोज संपवलेलं असतं, लॅक्टेट सोडलेलं असतं. अशा उष्ट्या माध्यमात कोणतीही पेशी मंदावते. म्हणून तितक्याच फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतकातल्या साध्या पेशी) तितकेच तास वाढवून त्यांचंही माध्यम घ्या, आणि दोन्ही माध्यमं वेगवेगळी, प्रत्येकी ताज्या माध्यमात निम्मं-निम्मं मिसळूनच वापरा.

माध्यम गोळा करताना मूलपेशींनी फ्लास्कचा ७०-८० टक्के तळ व्यापलेला असावा. पीबीएसने (क्षारांच्या द्रावणाने) तीनदा धुवा, कारण मागे राहिलेलं सीरम (माध्यमात घातलेला रक्ताचा द्रव भाग) स्वतःच कर्कपेशी वाढवतं. मग सीरमविरहित माध्यमात २४ तास ठेवा, ते माध्यम सेंट्रिफ्यूज करा, ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा आणि छोटे भाग करून उणे ८० अंशांवर ठेवा. एकदा वितळवलेला भाग पुन्हा गोठवू नका. वाढ मोजायला वापरतात त्या एमटीटी चाचणीचा जांभळा रंग पेशींची संख्या दाखवत नाही, त्यांचा चयापचय दाखवतो. सोबत ट्रिपॅन ब्लू (फक्त मेलेल्या पेशींना रंगवणारा रंग) घालून मोजणी कराच.

आणि प्रयोग मे महिन्यातला असेल तर इन्क्युबेटरचं (पेशी वाढवायच्या उबदार कपाटाचं) तापमान वेगळ्या थर्मामीटरने तपासा. बहुतेक सीओटू इन्क्युबेटर फक्त तापवतात, थंड करत नाहीत. नागपूरच्या उन्हाळ्यात रात्री खोलीचा एसी बंद राहिला, की आतलं तापमान ३७ च्या वर चढतं आणि पेशी त्यानेच मरगळतात.

प्रश्न : आईला स्तनाचा कॅन्सर आहे. मूलपेशींचं इंजेक्शन द्यावं का?
– एक वाचक, धरमपेठ

उत्तर : नाही. वर सांगितल्याप्रमाणे फैलाव वाढण्याचा धोका आहे. ल्युकेमियासारख्या रक्ताच्या आजारांत होणारं अस्थिमज्जा प्रत्यारोपण हा मान्य उपचार आहे, पण तिथे रक्त तयार करणाऱ्या मूलपेशी वापरतात. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मान्य आजारांपलीकडचा वापर फक्त परवानगी असलेल्या क्लिनिकल ट्रायलमध्येच करता येतो, आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. कुणी पॅकेजचा दर सांगितला, तर आधी ट्रायलचा सीटीआरआय (देशातल्या क्लिनिकल ट्रायलची नोंदवही) नोंदणी क्रमांक मागा.