वॉशर ड्रायर कपडे धुतो, पिळतो, पण वाळवत नाही. हीटर गेला असेल का?

तुम्ही लिहिलंय की तीन तास ड्रायर चालवूनही कपडे ओलेच निघतात आणि आता हीटर बदलायचा विचार आहे. थांबा जरा. मी हीच घाई केली होती. नवा हीटर बसवला, दोन आठवडे कपडे कडकडीत वाळले आणि मग पुन्हा ये रे माझ्या मागल्या. जुना हीटर चांगलाच होता, हे नंतर कळलं. नव्या हीटरच्या पेटीला नवा थर्मोस्टॅट (जास्त तापल्यावर वीज तोडणारा स्विच) लावलेलाच येतो. जुना थर्मोस्टॅट उडाला होता, म्हणून बदलल्यावर मशीन चाललं. तो का उडाला, हे कोणी पाहिलंच नाही.

आधी एक साधी चाचणी. दोन-तीन टॉवेल घ्या, स्पिन सगळ्यात वेगावर ठेवा आणि ऑटो न लावता एक तासाचं वेळेवर चालणारं ड्रायिंग लावा. ऑटोमध्ये मशीन स्वतःच ठरवतं कधी थांबायचं, त्यामुळे दोष लपतो. टॉवेल व्यवस्थित वाळले, तर मशीन ठीक आहे, तुम्ही कपडे जास्त भरताय. आठ किलो धुणाऱ्या मशीनची वाळवण्याची क्षमता बहुधा पाच किलोच्या आसपास असते. धुतलेला सगळा घाणा तसाच आत ठेवून वाळवायला लावला की आतले कपडे ओले राहणारच. आणखी एक, जोरात पिळल्यावर कपडे ड्रमला चिकटून बसतात. ते हाताने सुटे करून मग ड्रायर लावा.

टॉवेलही ओलेच राहिले, तर पुन्हा लावा आणि चाळीसेक मिनिटांनी मध्येच थांबवून आत हात घाला. (दार लगेच उघडणार नाही, आतली उष्णता उतरेपर्यंत कुलूप सुटत नाही. ओढू नका.) निम्मं निदान इथेच होतं.

कपडे गरम पण ओले, दाराच्या काचेवर पाणी, साबणाच्या खणातून वाफ, असं असेल तर हीटर बिचारा काम करतोय, ओल बाहेर पडत नाहीये. बहुतेक वॉशर ड्रायर दमट हवा बाहेर सोडत नाहीत. ड्रमच्या मागच्या एका उभ्या नळीत (हाच कंडेन्सर) ती हवा येते, तिथे गार पाण्याची बारीक धार सोडलेली असते, वाफेचं पाणी होतं आणि पंप ते फेकून देतो. म्हणजे वाळवतानाही मशीनला पाणी लागतं! धुणं झालं की नळ बंद करायची ज्यांना सवय आहे, त्यांचे कपडे याच कारणाने ओले राहतात. नळ चालू असेल तर ड्रेन पाइपचं टोक बादलीत सोडा. बादली जमिनीवर नको, पाइप नेहमी असतो त्या उंचीवर, स्टुलावर ठेवा, नाहीतर पाणी आपोआप ओढलं जाईल. वाळवताना पंपाने मधूनमधून पाणी फेकायला हवं. अर्ध्या तासात काहीच आलं नाही, तर ही धार सोडणाऱ्या व्हॉल्व्हची कॉइल (त्याला विजेने उघडणारी तारेची गुंडाळी) गेली आहे, किंवा तिथून निघणारी बारीक नळी क्षाराने बुजली आहे. पंपच अडकला असेल तर धुतानाही पाणी साचलेलं दिसेल, त्याची जाळी साफ करा. हीट पंपवाल्या (फ्रिजसारख्या यंत्रणेने वाळवणाऱ्या) मॉडेलमध्ये मात्र ही गार पाण्याची भानगड नसते, तिथे ही बादलीची चाचणी लावू नका.

कपडे गारच असतील तर हीटर, थर्मोस्टॅट किंवा पंखा. ‘गरम पाण्यात धुतं, म्हणजे हीटर ठीक’ असं समजू नका. पाणी तापवणारा हीटर टबाच्या तळाशी असतो, हवा तापवणारा वेगळा, वरच्या डक्टमध्ये (हवेच्या मार्गात) असतो. प्लग काढून, वरचं झाकण उघडून मल्टीमीटर लावा. २३० व्होल्टवर १,३०० वॉटचा हीटर साधारण ४० ओम दाखवतो. अनंत दाखवला तर तो तुटला. हीटर ठीक आणि थर्मोस्टॅटवर मात्र मीटर अनंत दाखवतो, असं निघालं तर थर्मोस्टॅट उडाला. काहींवर पुन्हा दाबायचं बटण असतं, काही एकदाच वापरायचे असतात. दोन वायरी जोडून थर्मोस्टॅट वगळायचा शहाणपणा कोणी सुचवला तर ऐकू नका. आत वाळलेल्या तंतूंचा थर असतो, तो पेट घेतो.

आणि आधी गरम, मग अर्ध्या तासात गार? माझं दुखणं हेच होतं. हवा पुढे सरकत नाही, हीटर आपल्याच उष्णतेने तापतो आणि थर्मोस्टॅट त्याला बंद करतो. असं वारंवार झालं की एक दिवस तो कायमचा उडतो. झाकण काढून पंख्याची पेटी उघडली तेव्हा पाती दिसेचनात. कपड्यांचे तंतू ओल्या हवेत थिजून त्यांचा चक्क नमदा झाला होता. वेगळ्या ड्रायरला तंतू धरणारी जाळी असते, या जोडयंत्रांत बऱ्याचदा ती नसतेच, सगळं त्या नळीत जाऊन बसतं. मी चमच्याच्या दांड्याने आणि बाटली धुवायच्या ब्रशने वाटीभर गोळा काढला. पंखा हाताने मोकळा फिरायला हवा. मोकळा असून वीज दिल्यावर नुसता गुणगुणत राहिला, तर त्याचा कपॅसिटर किंवा मोटर बघावी लागते. साफ केल्यावर डक्टचं रबर जसंच्या तसं बसवा. फट राहिली तर वाफ मशीनच्या आत पसरते आणि सर्किटच्या पाटीवर जाते.

मागची नळी काढायला मशीन बरंच उघडावं लागतं. ते जमत नसेल तर मेकॅनिक बोलवा, पण ‘हीटर बदला’ न म्हणता ‘कंडेन्सर आणि पंखा उघडून दाखवा’ असं सांगा. तोवर महिन्यातून एकदा रिकाम्या ड्रमवर नुसतं खळबळण्याचं चक्र फिरवा, सैल तंतू वाहून जातात.

आत हात घातल्यावर कपडे गरम होते, गार होते की आधी गरम मग गार, आणि बादलीत पाणी आलं का, एवढं खाली लिहा. मॉडेल गार पाण्याचं आहे की हीट पंपाचं, तेही सांगा.