डब्बा स्वस्त की घरचा गोळाभात?

प्रश्न : ताई, आम्ही दोघंही नागपूरच्या मिहानमध्ये जॉबला, घरी यायला आठ वाजतात. दोन पोट्टे भुकेले, म्हणून ऑफर पाहून रेडी टू ईटचे डब्बे आणून ठेवते, राजमा, पुलाव वगैरे, स्वस्त पडतात. सासूबाई म्हणतात हे विष आहे, घरचंच करा. मी रात्री आठला काय काय करू?
– एक वाचक, मनीषनगर

उत्तर : विष वगैरे काही नाही हो. ते पाकीट सीलबंद करून प्रेशरखाली साधारण 121 डिग्रीला तापवतात, जंतू मरतात म्हणून टिकतं, आपल्या कुकरचाच मोठा भाऊ समजा. खरी भानगड मिठाची. पाकिटामागं सोडियम पाहा, समजा 100 ग्रॅमला 400 मिलिग्रॅम लिहिलंय अन् पाकीट 300 ग्रॅमचं, तर झालं 1200 मिलिग्रॅम सोडियम, त्याचं मीठ काढायला अडीचनं गुणा, 3000 मिलिग्रॅम म्हणजे 3 ग्रॅम मीठ. मोठ्या माणसाला दिवसाचं 5 ग्रॅमच्या आत हवं म्हणते डब्ल्यूएचओ, पोट्ट्यांना त्याहून कमी. अन् स्वस्तचं म्हणाल तर 300 ग्रॅममध्ये रस्सा किती अन् राजमा किती ते एकदा गाळून बघा, पाच जणांना तीन पाकिटं तरी लागतील. पाव किलो कोरडा राजमा शिजून अर्धा किलोच्या वर जातो!

पण रोज रात्री पोळी-भाजी-वरण-भात करा असं मी म्हणून नाही राहिली. गोळाभात करा न. हरभऱ्याच्या डाळीचा भरडा रविवारीच दळून ठेवायचा, त्यात तिखट, मीठ, हळद, जिरं, गरम तेलाचं मोहन, पाण्याचा हबका मारून घट्ट गोळे वळायचे, भाताचं पाणी आटत आलं की वर अलगद ठेवून झाकण लावून मंद आचेवर वाफवायचे, मध्ये ढवळायचं मात्र नाही बरं, गोळे फुटतात अन् सगळा गिचका होतो. ताटात गोळा कुस्करून वरून हिंग-मोहरी-लाल मिरचीचं कडकडीत तेल. सोबत ताक, नाहीतर चिंचेचं सार, वर सांभार, म्हणजे कोथिंबीर. भांडी दोनच.

दोन पाकिटं घरात असू द्या, गॅस संपला, कुणी आजारी पडलं तर कामी येतात. अन् भरडा भिजवून गोळे वळायचं काम सासूबाईंना सांगा, सात वाजता त्या रिकाम्या असतील तर त्यांनाही बरं वाटेल.

बाकी एवढ्या पत्रात मिस्टर स्वयंपाकघरात कुठंच दिसले नाहीत, भात तरी लावता येतो का त्यांना?